मधला चौकोन

चौकोनराव स्टुलावर चढून दारावरच्या बेलची वायर सोडवत होते आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाई मान वर करून त्यांना म्हणत होत्या, “अहो.”

“पडत नाही गं मी.”

“अहो!”

“उद्यापुरतीच काढतोय. उद्या संध्याकाळी परत जोडतो.”

“अहो,” बाई पुन्हा म्हणाल्या, पण जरा खालच्या सुरात. ‘तुमच्या उद्याचं काही खरं नसतं’ असा त्याचा अर्थ असावा. किंवा पाणी हवं असेल. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले आणि नेमका हा एक मागे राहिला. ज्यांनी उभा जन्म शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, ज्यांचा आवाज ऐकून शेवटच्या बाकाला घाम फुटायचा, त्या बाईंना आता सगळ्या जगाशी या एका शब्दावर भागवावं लागत होतं. नवऱ्याला अहो, डॉक्टरांना अहो, खिडकीत आलेल्या कबुतरालाही अहो. दिवसभर त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, “मला जन्मात कुणी अहो म्हटलं नव्हतं. बाईंनी हौस फेडली.”

चौकोनरावांनी वायरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि स्टुलावरून उतरले. घराची बेल मुकी झाली.

चौकोनराव हे नाव ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं. ते एका विमा कंपनीत एंटरप्राइझ आर्किटेक्ट होते, आणि हे पद काय असतं हे नातेवाइकांना समजावण्यात त्यांची हयात गेली होती. आर्किटेक्ट म्हटल्यावर मेव्हणा घराचा प्लॅन घेऊन यायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर पार्किंगच्या शेडचं ड्रॉइंग मागितलं होतं आणि नाही म्हटल्यावर वर्षभर ओळख दाखवली नव्हती. चौकोनराव मग सांगायचे, कंपनीत हप्त्यांची एक सिस्टिम असते, पॉलिसींची एक, क्लेमची एक, पगाराची एक, अशा ढिगाने असतात. कुणी कुणाला काय कळवायचं, कुठली मोडीत काढायची, कुठली नवी आणायची, याचा सगळ्या कंपनीचा मिळून एक नकाशा लागतो. तो मी काढतो. प्रत्येक सिस्टिमला एक चौकोन, आणि चौकोनातून चौकोनात जाणारे बाण. बाई बोलत होत्या त्या काळात याचा सारांश एका वाक्यात सांगायच्या. “हे दिवसभर चौकोन काढतात आणि महिनाअखेरीला पगार आणतात. माझी सहावीतली पोरं यापेक्षा बऱ्या आकृत्या काढतात.”

चेष्टा बाजूला ठेवली तर माणूस आपल्या कामात पक्का होता. ते नवीन लागले होते तेव्हा कंपनीतल्या सिस्टिम एकमेकींशी वाटेल तशा बोलायच्या. कुणाचा निरोप कुणाला पोचेल याचा नेम नसायचा. एकदा एक बाई काउंटरवर आली. तिचा नवरा जाऊन बरेच महिने झाले होते, क्लेमही मिळाला होता, आणि आता त्याच्या नावाने कंपनीचं वाढदिवसाचं शुभेच्छापत्र आलं होतं. ती भांडली नाही. पत्र काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, “तुमच्यात कुणी कुणाला काही सांगत नाही का हो?” चौकोनराव तेव्हा तिथेच उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी जिवाचं रान करून नवा नकाशा काढला. त्यात सगळ्यांच्या मधोमध एक चौकोन. कुणीही दुसऱ्याशी थेट बोलायचं नाही. जे काय असेल ते मधल्याला सांगायचं, आणि ज्याला ज्याला कळवायला हवं त्याला मधला कळवेल. त्या दिवसापासून मेलेल्या माणसाला पत्र गेलं नाही. हा मधला चौकोन म्हणजे चौकोनरावांच्या आयुष्याची कमाई होती.

आणि आता त्याच्यावरच घोडं अडलं होतं.

त्यांची कंपनी एका मोठ्या कंपनीने गिळली होती. नव्या मालकांनी फर्मान काढलं की आर्किटेक्टच्या पदावर राहायचं तर असे नकाशे काढण्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र चालू आवृत्तीचं हवं. चौकोनरावांचं होतं जुन्या आवृत्तीचं, आणि ती आवृत्ती आता रद्द होणार होती. ठरलेल्या तारखेच्या आत नवी परीक्षा द्या, नाहीतर खालच्या पदावर जा. पदाचं चौकोनरावांना एवढं वाटलं नसतं, पण खालच्या पदाला कुटुंबाचा आजारपणाचा विमा नव्हता. बाईंचे व्यायामवाले, बोलायला शिकवणाऱ्या ताई, मावशी, सगळं त्या विम्यावर चाललं होतं. बोलायला शिकवणाऱ्या ताई तर म्हणत होत्या की दुसरा शब्द यायला आता फार दिवस लागायचे नाहीत. बाईंचे ओठ ‘प’साठी मिटायला लागले होते. चौकोनराव त्या ‘प’ची वाट बघत होते.

तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी माणूस अभ्यासाला बसला. शिकवायला होती ऑफिसातली चष्मेवाली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली ही मुलगी नवी परीक्षा केव्हाच देऊन बसली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसायची आणि रोज भांडायची.

“सर, नव्या आवृत्तीत मधला चौकोन नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे असला तरी सगळं त्याच्यावर टांगायचं नाही. ज्यांचं एकमेकांशी काम आहे त्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं.”

“मग लक्ष कोण ठेवणार?”

“ज्याचं त्याने.”

“म्हणजे कुणीच नाही,” चौकोनराव म्हणाले. “अगं, मी बघितलंय हे सगळं. तू तेव्हा शाळेत होतीस.”

“पण सर, मधलाच बंद पडला तर?”

“मी बंद पडू देत नाही.”

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. “परीक्षेत असं लिहू नका हं. पेपरात चारही उत्तरं बरोबर वाटतील. त्यातलं पुस्तकाला जे सगळ्यांत बरोबर वाटतं ते निवडायचं. तुम्हाला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही.”

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“पास व्हायचं, सर.”

परीक्षा घरी बसून देता यायची, फक्त पहारा कडक. कुठूनतरी दूरवरून एक निरीक्षक कॅमेऱ्यातून डोळ्यांत तेल घालून बघत असतो. खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद, फोन बंद करून हाताच्या टप्प्याबाहेर, भिंती मोकळ्या. खुर्चीतून उठायचं नाही, नजर हलवायची नाही, ओठही हलवायचे नाहीत. पहिल्या खेपेला चौकोनराव बसले आणि पाचव्या प्रश्नाला बेल वाजली. कुरिअरवाला होता. मावशी बाईंना आंघोळ घालत होत्या. चौकोनरावांच्या तोंडून सवयीने “आलो!” गेलं आणि ते अर्धवट उठलेही. पुरते उभे राहण्याआधीच पडदा काळा झाला. परीक्षा रद्द. आता मुदतीच्या आत एकच खेप उरली होती. मावशी त्या दिवशी रडवेल्या झाल्या. “माझ्यामुळे झालं, साहेब. यापुढं टाचणी पडू द्यायची नाही मी.”

लेकीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त लांबच्या गावी राहायची.

“बाबा, सेंटरवर जाऊन द्या ना परीक्षा. मी येते त्या दिवशी आईजवळ.”

“सेंटर किती लांब आहे माहितेय? जायला-यायलाच दिवस जातो. मध्येच तिला काही झालं तर? इथे मी भिंतीपलीकडे असेन.”

“पण तुम्हाला उठता कुठे येणार आहे?”

“मी सगळी व्यवस्था केलीय,” चौकोनराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

व्यवस्थेचा नकाशा फ्रिजवर चिकटवलेला होता. बाईंचा चौकोन वर. बाजूला मावशी. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, ज्यांच्याकडे घराची जादा किल्ली असायची. खाली डॉक्टर, अॅम्ब्युलन्स, लेक. सगळे बाण मधल्या चौकोनाकडे येत होते आणि तिथून बाहेर जात होते. मधल्या चौकोनात लिहिलं होतं, ‘मी’.

मावशींनी तो नकाशा नीट बघितला होता. “साहेब, समोरच्या काकूंचा नंबर मला देऊन ठेवा ना.”

“तुम्ही मला सांगायचं, मी काकूंना सांगतो,” चौकोनराव म्हणाले. “सगळ्यांनी सगळ्यांना फोन करायला लागलं की नुसता गोंधळ होतो. कुणी काय केलं ते कुणालाच कळत नाही.”

“तेही खरंच,” मावशी म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी नवऱ्याचा शर्ट बघून तोंड वाकडं केलं. चौकोनरावांनी शर्ट बदलला. बाईंनी डावा हात उचलून त्यांची कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, “अहो.” त्या आवाजात काय होतं ते चौकोनरावांना बरोबर कळलं. शाळेत वार्षिक परीक्षेला पोरांच्या पाठीवर हात फिरवताना बाई अशाच बोलत असणार. “दुपारपर्यंत मोकळा होतो,” ते म्हणाले. मग मावशींच्या मदतीने त्यांनी बाईंना पलंगावर निजवलं, डाव्या हाताशी चमचा ठेवला. काही हवं असलं की बाई चमचा पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायच्या. मावशींना त्यांनी पुन्हा एकदा बजावलं. कुणी आलं तर बाहेरच्या बाहेर बोळवा. आवाज म्हणून होऊ देऊ नका. या खेपेला बुडाली की संपलं.

“तुम्ही निर्धास्त बसा,” मावशी म्हणाल्या.

खोलीचं दार बंद करून त्याच्या फटीत टॉवेल कोंबला. लॅपटॉप उचलून निरीक्षकाला चारही भिंती, टेबलाखालची जमीन, कानामागची जागाही दाखवली. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, तो काढा म्हणाला. चौकोनरावांनी तो काढून कपाटात पालथा ठेवला. मग फोन बंद करा म्हणाला. चौकोनरावांनी कॅमेऱ्यासमोर फोन बंद केला, कपाटावर टाकला आणि येऊन बसले.

पहिले प्रश्न सोपे गेले. मग मोठे प्रश्न सुरू झाले, पानभर गोष्ट आणि खाली चार सल्ले. चौकोनरावांना वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललं होतं. जिथे जीव एका उत्तराकडे ओढायचा तिथे ते चष्मेवालीचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे आणि दुसऱ्यावर खूण करायचे. बाहेर जिन्यात कुणीतरी चेंडू आपटत होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं. मावशींनी पोरांना गप्प केलेलं दिसतंय, चौकोनराव मनात म्हणाले.

एका जहाज कंपनीचा प्रश्न पडद्यावर होता तेव्हा भिंतीपलीकडे चमचा वाजला.

ठक. ठक. मग जरा थांबून ठक. बाईंचं ठोकणं नेहमी नेटाचं असायचं, फळ्यावर डस्टर आपटावं तसं. हे जरा सैल होतं. जाग आली असेल, पाणी हवं असेल. मावशी आहेत. चौकोनरावांनी जहाज कंपनी पहिल्यापासून वाचायला घेतली. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग भिंतीतून स्पष्ट आवाज आला, “अहो.”

चौकोनरावांच्या जिभेवर “आलो” आलं. बत्तीस वर्षं त्या हाकेला हाच जबाब गेला होता, तो आपल्याआपण यायचा. ओठ उघडले, आणि पडद्याच्या कोपऱ्यात निरीक्षकाची सूचना उमटली. कृपया ओठ हलवू नका. ही शेवटची ताकीद आहे.

चौकोनरावांनी ओठ मिटले. “आलो” गिळून टाकलं. मावशींनाच म्हणत असेल. ती सगळ्यांनाच अहो म्हणते.

आणखी एकदा चमचा वाजला आणि मग थांबला. चौकोनरावांचा जीव भांड्यात पडला. गेल्या मावशी. बाईमाणूस सोन्यासारखं मिळालंय आपल्याला. संध्याकाळी काहीतरी चांगलंसं द्यायला हवं त्यांना, असं त्यांनी मनाशी ठरवलंही. मग ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यात एक संस्था होती, तिचे सगळे निरोप एकाच मध्यवर्ती सिस्टिममधून जात होते, आणि ती सिस्टिम काही काळ बंद ठेवणं भाग होतं. आर्किटेक्टने काय सल्ला द्यावा? चौकोनरावांना हसूच आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. घे बाई तुझ्या मनासारखं, असं चष्मेवालीला मनात म्हणून त्यांनी खूण केली. ज्या भागांना एकमेकांची गरज आहे त्यांना आधीच एकमेकांशी थेट जोडून द्यावं. उत्तर बरोबर होतं.

शेवटचं बटण दाबल्यावर पडदा थोडा वेळ फिरत राहिला आणि मग हिरव्या अक्षरांत आलं, उत्तीर्ण. चौकोनरावांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. आता हलायला काही हरकत नव्हती.

“मावशी!” ते टॉवेल काढून दार उघडत ओरडले. “झालो पास!”

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पुढच्या दारावर मात्र कुणीतरी बोटाच्या पेरांनी हळूहळू ठोकत होतं, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून ठोकावं तसं. त्यांनी दार उघडलं. बाहेर मावशी उभ्या होत्या, अनवाणी, पदराने घाम पुसत.

“झाली? पास झालात ना?” मावशींचा चेहरा फुलला होता. “आत्ता तुमचा आवाज आला तेव्हाच ठोकलं. तोवर गप बसून होते बघा जिन्यात.”

“तुम्ही इथे?” चौकोनरावांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. “मग बाईंजवळ कोण आहे?”

पोरं जिन्यात चेंडू आपटत होती, म्हणून मावशी त्यांना गप्प करायला बाहेर आल्या होत्या. बाईंना तेव्हा गाढ झोप लागली होती. वाऱ्याने दार लोटलं गेलं आणि लॅच बसलं. किल्ली आत. बेल वाजवली, ती मुकी. साहेबांना फोन लावला, तो बंद. काकूंच्या दाराला कुलूप होतं. त्यांच्या बहिणीचं काहीतरी निघालं म्हणून त्या सकाळीच गेल्या होत्या. जाताना तसं कळवायला त्यांनी चौकोनरावांनाच फोन केला होता, आणि तो बंद आला होता. मावशी खाली वॉचमनकडे गेल्या. वॉचमन म्हणाला, काकूंचा नंबर साहेबांकडे असेल, त्यांनाच विचारा. दार धडाधडा बडवावं असं मावशींच्या मनात आलं होतं. पण बाई झोपल्यात, आवाज झाला तर साहेबांची परीक्षा बुडेल, असा विचार करून त्या पायरीवर बसून राहिल्या.

हे सगळं चौकोनरावांना नंतर कळलं. त्या क्षणी दोघंही आत धावले.

बाई डाव्या अंगावर घसरल्या होत्या. चमचा खाली पडला होता. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि श्वास घोरल्यासारखा चालला होता. “आलो गं,” चौकोनराव म्हणाले. “आलो, आलो, हा बघ आलो.” त्यांनी कपाटावरचा फोन काढला. सुरू व्हायला त्याने हवा तेवढा वेळ घेतला. सुरू झाल्याबरोबर मावशींचे मिस्ड कॉल एकामागून एक पडायला लागले, आणि त्यांच्या मधे एक काकूंचा.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “झटका साधारण केव्हा आला, सांगता येईल?”

चौकोनरावांना अगदी नेमकं सांगता येत होतं. जहाज कंपनीचा प्रश्न पडद्यावर होता तेव्हा. “चमचा वाजायचा थांबला तेव्हा,” ते म्हणाले. “मी ऐकत होतो.”

डॉक्टरांना काही बोध झाला नाही. ते म्हणाले, पहिल्या झटक्याच्या वेळी तुम्ही लगेच आणलं होतं म्हणून औषध देता आलं होतं. या वेळी बराच उशीर झालाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. लेक पोचली होती. ती बापाला काही बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं असं चौकोनरावांना वाटत राहिलं. बोलल्या त्या मावशी. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून त्या कपाळावर हात मारून घेत होत्या. “मी दार फोडायला हवं होतं, साहेब. माझंच चुकलं.”

“तुमचं काही चुकलं नाही,” चौकोनराव म्हणाले. “मी सांगितलं तसंच केलंत तुम्ही.” ते खरं होतं, आणि त्याच्याहून वाईट काही असू शकेल असं त्यांना वाटलं नाही.

हॉस्पिटलातून परतल्यावर ते पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले तेव्हा नकाशा तिथेच होता. चौकोनराव त्याच्यासमोर उभे राहिले. दुसऱ्याच्या कागदावरची ही चूक त्यांना दुरूनच दिसली असती. ज्युनिअर पोरांची याच चुकीवरून त्यांनी किती वेळा खरडपट्टी काढली होती. सगळं एका खुंटीला टांगायचं आणि तीच खुंटी उपटून ठेवायची. कॅमेऱ्यासमोर धरून, निरीक्षकाला दाखवून, स्वतःच्या हाताने त्यांनी मधला चौकोन बंद केला होता.

ते कामावर परत गेले तेव्हा लोकांची पंचाईत झाली. त्यांच्या वरच्या मॅडम केबिनमधून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “फार वाईट झालं हो.” मग थोडं थांबून, “आणि ते, प्रमाणपत्राचं, अभिनंदन.” दोन्ही एकाच दमात कसं म्हणायचं ते त्यांनाही कळत नव्हतं. चौकोनरावांनी दोन्हीला मान हलवली. पद राहिलं होतं. कुटुंबाचा विमाही राहिला होता.

त्यांनी खाली पर्सोनेलमध्ये जाऊन बाई गेल्याचं एकदाच सांगितलं. एका जागी सांगितलं की पुरे, तशी त्यांनीच सोय करून ठेवलेली होती. चहाच्या सुट्टीच्या आत विम्यातून बाईंचं नाव निघालं. बोलायला शिकवणाऱ्या ताईंच्या पुढच्या भेटी रद्द झाल्या. व्यायामवाल्यांना कळलं. बाईंचा वाढदिवस चार दिवसांवर होता, पण शुभेच्छापत्र आलं नाही. कुठेही एक चूक झाली नाही. इतक्या वर्षांत मधल्या चौकोनाने असं चोख काम केलेलं चौकोनरावांनी पहिल्यांदाच आपल्या घरात बसून पाहिलं.

चष्मेवाली एक दिवस त्यांच्या टेबलाशी आली. तिच्या हातात नवा नकाशा होता. “सर, बघता का? तुमचा तो मधला... मी थोडा बदललाय.”

चौकोनरावांनी कागद बराच वेळ बघितला. ती वादाच्या तयारीने उभी होती.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“सर?”

“बरोबर आहे गं. असंच हवं.”

चष्मेवालीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिला भांडण हवं होतं. ती कागद घेऊन गेली.

घरात लोक येऊन गेले, लेक राहून गेली. येणारा प्रत्येक जण बेल दाबायचा, मग दार ठोकायचा. “बेल बंद आहे वाटतं,” असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि चौकोनराव “हो” म्हणायचे. लेकीने जाताना विचारलं होतं, “इलेक्ट्रिशियनला सांगू का?” त्यांनी नको म्हटलं. एका रविवारी मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, चिकटपट्टी सोडवली आणि वायर जोडली. चढताना-उतरताना कुणी काही म्हणालं नाही. चाकाची खुर्ची घडी करून भिंतीला लावून ठेवली होती, ती परत न्यायला माणूस यायचा होता.

बेल लागली की नाही हे बघायला बाहेरून दाबायला हवी. चौकोनरावांनी खिशात किल्ली चाचपली, पुन्हा एकदा चाचपली, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. लॅच बसलं. त्यांनी बटण दाबलं. बेल आत मोठ्याने वाजली.

समोरचं दार उघडून काकूंनी डोकावलं. “कोण हवंय?” मग ओळखून म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही होय.”

“बेल लागली का बघत होतो.”

“लागली की. मला इथपर्यंत ऐकू आली.” काकू जरा घुटमळल्या. “किल्ली आहे ना?”

“आहे.”

काकूंनी दार लोटून घेतलं. चौकोनरावांनी आणखी एकदा बटण दाबलं आणि बेल वाजून थांबेपर्यंत उभे राहिले. मग “आलो,” असं म्हणून त्यांनी खिशातून किल्ली काढली.